किरकोळ इजा

सुगत, तुझ्या मरणाची बातमी चार ओळींची आली. कुठल्याशा स्थानिक पेपरच्या वेबसाइटवर. सकाळी एका चौकात, उजवीकडे वळणारा ट्रक आणि एक सायकल यांच्यात ‘टक्कर होण्याचा प्रकार घडला’. सायकलस्वार फेरलेत्स्ट, म्हणजे जखमी, आणि नंतर हॉस्पिटलात वारला. ट्रकचालकाला मानसिक धक्का बसला असून त्याची काळजी घेतली जात आहे. ट्रकला किरकोळ झाखशाडेन, म्हणजे मालमत्तेचं नुकसान, बाजूचा आरसा. चार ओळींत आरशालासुद्धा जागा मिळाली आणि तुझं नाव मात्र नव्हतं.

तुला ती बातमी फार आवडली असती. छापून, कापून कार्डावर चिकटवली असतीस आणि मला फोन केला असतास: “कुलकर्णीबाई, बघा बघा, आरशाला इजा झालीय. आणि टक्कर कोणी मारली? कोणीच नाही. प्रकार घडला!” मग तुझं ते नाकातून येणारं हसू. मी ती बातमी वाचली तेव्हा मला ते हसू ऐकू आलं, आणि मग मी ऑफिसच्या टॉयलेटमध्ये जाऊन रडले.

तू काय करत होतास हे आधी सांगायला हवं, कारण आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तू ‘भाषेचे अभ्यासक’ एवढाच उरला आहेस. तू कोलोनच्या विद्यापीठात बसून दोन महायुद्धांच्या मधल्या वर्षांतले पेपर वाचत होतास, मराठी आणि जर्मन. त्यांत तुला एकच गोष्ट शोधायची होती: माणसाला मार बसला की पेपरवाले कोणता शब्द वापरतात, आणि कोणासाठी कोणता. इजा, दुखापत, जखम, हानी, नुकसान, अपाय, बाधा. एकेका शब्दाची कार्डं, अकारविल्हे लावलेली, बुटांच्या खोक्यांत. तुझ्या घरी बुटांपेक्षा खोकी जास्त होती आणि प्रज्ञा, तुझी बायको, त्यावरून तुला रोज बोलायची.

एकदा मी कामासाठी कोलोनला आले होते, तेव्हा तू मला तळघरातल्या मायक्रोफिल्मच्या यंत्रापुढे बसवलंस. पडद्यावर एका गावच्या पाणवठ्यावरचा ‘प्रकार’ होता. उभयपक्षी काही इसमांस किरकोळ इजा, गावी आता शांतता आहे, असं काहीसं. मी म्हटलं, “मग फार काही झालेलं दिसत नाही.”

तू खुर्ची माझ्याकडे फिरवलीस. “उभयपक्षी म्हणतोय ना हा? आता खाली वाचा. दवाखान्यात कोण आहे? एकाच पक्षाची माणसं. दुसऱ्या पक्षाला काय इजा झाली असेल? मारून मारून हात दुखला असेल.”

मग तू रीळ पुढे सरकवलंस. पुढच्या बातमीत पाण्याला बाधा झाली होती, देवळाच्या पावित्र्याला हानी पोचली होती आणि समस्त गावकऱ्यांच्या भावना दुखावल्या होत्या. “पाण्याला बाधा, देवळाला हानी, गावाच्या भावनांना दुखापत,” तू एकेक बोट दुमडत म्हणालास. “ज्याचं डोकं फुटलं त्याला किरकोळ. आपला तो बाब्या, दुसरं काय.”

जर्मन पेपरांत तर तुला घबाडच मिळालं होतं. तिथे फेरलेत्स्ट हा एकच शब्द बोटाला चालायचा, कायद्याला चालायचा आणि देशाच्या अब्रूलाही चालायचा. युद्ध हरल्यापासून अब्रू रोज सकाळी उठून फेरलेत्स्ट व्हायची. मग तिला दुखावणारा कोण, हे काही पेपर सांगू लागले, आणि त्याच्यासाठी त्यांनी शेतातून एक शब्द आणला: शेडलिंग, पिकाला अपाय करणारी कीड. हा शब्द माणसांना. “एकदा कीड म्हटलं की पुढे फवारणीच येते,” तू म्हणालास. त्यानंतर आपण वर मेन्सामध्ये, विद्यापीठाच्या कँटीनमध्ये, जाऊन गाजराचं सूप प्यायलो, तू दोन वाट्या प्यायलास.

लोकांना वाटायचं तू कडवट आहेस. त्यांनी तुला त्या दुपारी पाहायला हवं होतं, जेव्हा तू चळवळीतल्या तुझ्या माणसांनी त्याच काळात काढलेली छोटी मराठी वृत्तपत्रं मला दाखवलीस. वाईट कागद, पुसट शाई. त्यांत इजा ‘होत’ नव्हती. अमक्याने तमक्याला काठीने मारलं, असं सरळ लिहिलेलं असायचं. “कर्ता आहे बघा बाई! वाक्याला कर्ता आहे!” सातवीच्या व्याकरणातला कर्ता सापडल्याबद्दल इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. तिथूनच मला बातमी वाचायची सवय लागली. पेपर उघडला की आधी कर्ता शोधते, आणि बहुतेक वेळा तो पळून गेलेला असतो.

मला ‘बाई’ तू का म्हणायचास, हेही लिहून टाकते. पुण्यात जर्मनच्या क्लासला आपण एका बाकावर बसायचो. तू अकोल्याचा, मी सहकारनगरची. पहिल्याच दिवशी मी तुझा ‘ण’ सुधारला. जर्मनच्या क्लासात, मराठीतला ण! तू ताडकन उभा राहून म्हणालास, “हो, बाई.” सगळे हसले, मीही हसले. पुढची सोळा वर्षं तू ‘बाई’ आणि ‘तुम्ही’ सोडलं नाहीस आणि मी तुला ‘तू’च म्हणत राहिले. मला ती थट्टा वाटायची. तुझ्यासाठी ती थट्टाच होती का, हे मी कधी विचारलं नाही.

तू गेलास आणि मंडळाचा ग्रुप जागा झाला. स्टुटगार्टच्या आसपासची आम्ही सव्वाशे मराठी घरं, कोलोनला जाण्याआधी तुझंही एक, दिवाळीला फराळाच्या ऑर्डरीसाठी जिवंत होतो, एरवी कोणाला घर हवं असलं किंवा लोणचं विकायचं असलं की. तासाभरात ‘ओम शांती’चा पाऊस पडला, एकाने टाकलेलं दुसऱ्याने उचलून पुढे. बौद्धाला ओम शांती आणि सद्गती. एक जण तर “तेरावं कधी आहे?” असं विचारून मोकळा झाला. इतकी वर्षं तुझ्या पंगतीला बसून या शिकल्यासवरल्या इंजिनिअरांना तू कोण आहेस हे कळलं नव्हतं असं नाही. ज्या दिवशी कळायला नको असायचं त्या दिवशी बरोबर कळायचं.

दुसऱ्या दिवशी चिटणीस अरविंदरावांचा फोन.

“नेहा, आल्झो, तर, सुगतवर तूच लिही. स्मरणिकेत एक पान ठेवलंय. फक्त पॉझिटिव्ह ठेव हां. ते जातबित नको. कोणाच्या भावना दुखावायला नकोत.”

“कोणाच्या, अरविंदराव?”

“कोणाच्याच गं. जनरल.”

जनरल भावना! सुगत, तू हयात असतास तर भ मध्ये एक कार्ड वाढलं असतं.

स्मशानातला हॉल तुला अर्धा तास मिळाला होता. प्रज्ञाने आणि फ्रांकफुर्टहून आलेल्या चार-पाच जणांनी त्रिसरण पंचशील म्हटलं. स्टुटगार्टहून आलेली मंडळाची माणसं मागे उभी, हात जोडायचे की नाही हे एकमेकांच्या हातांकडे बघून ठरवत होती. संपल्यावर तुझी उत्पला माझ्याजवळ आली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. तिने मला विचारलं, “हात एस ईम वेगेतान?” त्याला लागलं का?

इतक्या मोठ्या माणसांत हा प्रश्न त्या सात वर्षांच्या मुलीला पडला होता. अरविंदरावांच्या पत्नी वसुधाकाकू पटकन वाकल्या आणि म्हणाल्या, “नाही गं राणी, बाबा बाप्पाकडे गेले.” प्रज्ञाने पोरीला स्वतःकडे ओढलं. “हो,” ती म्हणाली. “लागलं असणार. खूप लागलं असणार.” उत्पलाने मान हलवली आणि मग ती रडली, नीट, मोठ्याने. काकूंचा चेहरा असा झाला जणू प्रज्ञा काही अभद्र बोलली.

जाताना प्रज्ञाने गाडीतून एक खोकं काढून माझ्या हातात दिलं. “नेहाताई, लिहिणार आहात असं कळलं. तो कसा प्रेमळ होता, कधी कोणाला दुखावलं नाही, असलं लिहिणार असाल तर नका लिहू. त्याला कोणी दुखावलं ते लिहिता येत असेल तर लिहा. यात तुमचंही कार्ड आहे. ‘क’ मध्ये.”

मी ते खोकं घरी आणून कपाटावर ठेवलं. ‘क’ उघडायची हिंमत झाली नाही. कोणत्या दिवसाचं कार्ड असणार हे मला ठाऊक होतं.

पहिला मसुदा मी तसाच लिहिला. त्यात तो दिवस होता. दोन वर्षांपूर्वीचा गणपती, दुसरा दिवस, चर्चकडून भाड्याने घेतलेला हॉल. तू कोलोनहून मुद्दाम आला होतास. स्वयंपाकघरात आम्ही सहा-सात जणी मोदक वळत होतो. तू एप्रन बांधूनच आत आलास. “काकू, सरका जरा. माझा हात चांगला आहे, उकड द्या इकडे.” वसुधाकाकू हसल्या. त्यांचं हसणं गोड आहे. “अहो, तुम्ही कशाला? तुम्ही आमचे पाहुणे. आणि हे नैवेद्याचं आहे ना.” असं म्हणत त्यांनी उकडीची परात ओढून घेतली आणि तिच्यावर फडकं टाकलं. चर्चचं स्वयंपाकघर चाललं, चर्चचा ओव्हन चालला, काल त्याच ओट्यावर कोणी काय शिजवलं याची चौकशी कोणी केली नव्हती. तू एप्रन सोडलास, घडी घातलीस, ओट्याच्या कोपऱ्यावर ठेवलास आणि बाहेर गेलास.

हे सगळं मी मसुद्यात लिहिलं, चांगलं झणझणीत. काकूंची परात, काकूंचं फडकं. अरविंदरावांचं उत्तर तासाभरात आलं. लेख उत्तम झालाय, डोळ्यांत पाणी आलं. फक्त स्वयंपाकघराचा परिच्छेद काढू या का? तेव्हा जरा गैरसमज झाला होता. तसा प्रसंग किरकोळच आहे.

गैरसमज झाला, म्हणे! पाणवठ्यावर इजा झाली तसाच. शंभर वर्षं गेली, माणसं सातासमुद्रापार आली, पासपोर्ट बदलले, आणि वाक्य अजून तेच, कर्त्यावाचूनचं. अरविंदराव ऑफिसात मेलमधले दोन शब्द खटकले तरी त्यावर वर्कशॉप घेतात, आणि हे लिहिताना त्यांचा हात जरासुद्धा अडखळला नाही.

मी इतकी चिडले की तशीच उठून कपाटावरून खोकं काढलं. अरविंदरावांच्या तोंडावर मारायला तुझं कार्ड हवं होतं मला. तुझं बारीक अक्षर, निळी शाई. ‘किरकोळ’चे चार अर्थ तू आधीच लावले होतेस, सगळे जुन्या पेपरांतले. पाचवा असा होता:

“किरकोळ (५): ज्याला लागलेलं नाही त्याने लागलेल्याला सांगायचा शब्द. उदा. ‘जाऊ दे रे. त्यांच्या मनात तसं काही नव्हतं. किरकोळ आहे.’ (कुलकर्णीबाई, हॉलबाहेरच्या पायऱ्या.) पाहा: दाउअरब्रुख.”

मी खुर्चीवर बसले. चिडायला दुसरं कोणी उरलं नाही.

कारण माझ्या झणझणीत मसुद्यात काकू होत्या, मी नव्हते. मी त्या परातीच्या दुसऱ्या बाजूला होते, सुगत. तू बाहेर गेलास तेव्हा माझ्या हातात अर्धा वळलेला मोदक होता. हात उकडीने भरलेत, कशी उठू, असं मी स्वतःला सांगितलं. मी तो मोदक पूर्ण केला. त्याच्या कळ्या छान जुळल्या होत्या, काकूंनी कौतुकही केलं. मग मी हात धुतले, पुसले, बाहेर आले आणि पायऱ्यांवर तुझ्याशेजारी बसून ते बोलले. तू म्हणालास, “गेनाऊ.” अगदी बरोबर. आणि हसलास. मला वाटलं, चला, मिटलं.

आता दाउअरब्रुखचं सांगते, म्हणजे वाचणाऱ्यांनाही कळेल. मी गेर्लिंगेनजवळच्या एका कारखान्यात तुटलेले भाग तपासते. भाग का तुटला, हे शोधून अहवाल लिहायचा, हाच माझा धंदा. काही भाग एकाच मोठ्या घावाने तुटतात. पण बहुतेक दाउअरब्रुखने जातात. लहान लहान धक्के, रोजचे, वर्षानुवर्षं, एकेकटा पाहिला तर अगदी मर्यादेच्या आतला. आत कुठेतरी बारीक चीर पडते, ती कोणाला दिसत नाही, आणि एका साध्या दिवशी साध्या धक्क्याने सगळं मोडतं. त्या शेवटच्या धक्क्याला दोष देणारा इंजिनिअर कच्चा, हे आम्ही नवीन पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतो.

त्याच वर्षी नाताळच्या सुट्टीत तुम्ही तिघं माझ्याकडे जेवायला आला होता. मी वाटाणे सोलत होते. तू विचारलंस, “बाई, तुमच्या अहवालात किरकोळ शब्द येतो का?”

“नाही. आम्ही लिहितो, मर्यादेच्या आत.”

“म्हणजे त्या धक्क्याने काही होत नाही.”

“एका धक्क्याने काही होत नाही.”

“मग तुटतं कसं?”

मी हसले. म्हटलं, “तू मेटलर्जी शिकायला ये, मग सांगते.” तू माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलंस. “काहून नाही सांगत आत्ता?” तू अकोल्याचं बोलू लागलास की प्रकरण गंभीर असायचं, हे मला माहीत होतं. “बरं, विचार करून सांगा,” तू म्हणालास आणि वाटाणे सोलायला बसलास. तू कशाबद्दल विचारत होतास हे मला त्याच क्षणी कळलं होतं. मी मूग गिळले. समोर वाटाणे होते, गिळले मूग.

तर हे उत्तर, दोन वर्षं उशिरा. तुटतं, सुगत. मर्यादेच्या आतल्यानेच तुटतं. माझा ‘ण’ मर्यादेच्या आतला होता. काकूंची परात मर्यादेच्या आतली होती. ओम शांती, तेरावं, बाप्पा, जनरल भावना, सगळं आत. पायऱ्यांवरचं माझं वाक्य तर सगळ्यात आत, कारण ते मैत्रिणीचं होतं. ट्रकने तुला मारलं, आम्ही नाही, एवढा फरक मला कळतो. पण तू जिवंत होतास तेव्हा आम्ही काय करत होतो, त्याला एक शब्द आहे, आणि तो किरकोळ नाही.

म्हणून तो परिच्छेद आता असा: वसुधाकाकूंनी सुगतला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. नेहा कुलकर्णीने ते पाहिलं. ती गप्प बसली. मग बाहेर जाऊन तिने त्याला सांगितलं की हे काहीच नाही. प्रत्येक वाक्याला कर्ता आहे, तपासून घे. अरविंदरावांना हा लेख असाच पाठवला आहे. ते छापणार नाहीत. प्रज्ञालाही पाठवला आहे, ती वाचेल आणि उत्पला मोठी झाली की तिला देईल किंवा देणार नाही, तो तिचा प्रश्न.

तुझे आभार मानायचे होते, त्या कर्त्याबद्दल, गाजराच्या सुपाबद्दल, सोळा वर्षं माझा ण ऐकून घेतल्याबद्दल. ते या सगळ्यात मागे पडलं. तेवढं समजून घे.

खोकं बंद करण्याआधी मी ‘ल’ उघडलं. एकच कार्ड होतं, जवळजवळ कोरं.

“लागणे: मूल पडलं की आई विचारते. बातम्यांत अजून सापडलेला नाही. शोध चालू.”

त्या पायऱ्यांवर एवढंच विचारायचं होतं. उत्पलाला सुचलं ते. माझे हात धुतलेले होते, शब्द मराठीतला होता, प्रश्नात ण सुद्धा नव्हता.

सुगत, तुला लागलं का रे?